जिल्ह्यात बूम धरायचा की मुंबईत डेस्कवर बसायचं?

पत्रकारितेचा कोर्स संपत आला की, मग तो पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला असो, अमरावतीच्या आयआयएमसीतला असो नाहीतर जवळच्या कॉलेजातला, टीव्हीत जायचं ठरवलेल्या सगळ्यांसमोर हा प्रश्न येतोच, जिल्ह्यात बूम (चॅनेलचा लोगो असलेला माईक) धरून बातम्या गोळा करायच्या की मुंबईत डेस्कवर बसून त्या लिहायच्या, आणि बहुतेकजण फक्त एकच बघतात, चेहरा स्क्रीनवर कुठे लवकर दिसेल. मी दोन वर्षं नाशिक जिल्ह्यात स्ट्रिंगर (पगारावर नसलेली बातमीदार) होते, नंतर मुंबईत आउटपुट डेस्कला (आलेल्या बातम्या लिहून प्रसारणासाठी तयार करणाऱ्या विभागात), आणि मला विचाराल तर बघायचं ते हे की तुमची चूक तुम्हाला रोज कोण दाखवणार आहे.

पण आधी पैशाचं बोलू, कारण घरचे तेच विचारतात. स्ट्रिंगरला पगार नसतो, स्टोरीमागे पैसे, तेही ती चॅनेलवर लागली तर, आणि पेट्रोल, नेटपॅक, ट्रायपॉड सगळं आपलं. माझे एका चॅनेलकडे पाच महिन्यांचे पैसे अडकले होते, फोन केला की "अकाउंट्सला पाठवलंय" एवढंच, आणि त्याच दुपारी असाइनमेंटचा (बातमीवर कोणाला पाठवायचं ते ठरवणाऱ्या डेस्कचा) फोन यायचा की बिबट्या दिसलाय, लगेच निघ. शेवटी निम्मेच हातात पडले. डेस्कला दर महिन्याला पगार येतो, मुंबईत कॉटबेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं, खानावळ आणि लोकलचा पास गेला की फार उरत नाही पण येतो तरी. म्हणून घरची शेती, दुकान, काहीतरी आधार असेल तरच जिल्ह्यातून सुरुवात करा. आणि कोणी जाहिरातीचं टार्गेट लावलं तर तिथून सरळ निघा, ज्याच्या दारात जाहिरात मागायला गेलात त्याच्याविरुद्धची बातमी तुमच्या हातून होणार नाही.

शिकण्याच्या बाबतीत मात्र जिल्ह्याला तोड नाही. लासलगावच्या बाजार समितीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा पोचल्या पोचल्या बूम पुढे करून बाईट (कॅमेऱ्यासमोरच्या प्रतिक्रिया) घ्यायला लागले, आणि सगळे तेच बोलले, "भाव मिळत नाही, सरकारने लक्ष द्यावं." पुढच्या वेळी अर्धा तास नुसती उभी राहिले. व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन दाबून बघतात, पटापट बोली होते, काही सेकंदात सौदा मिटतो आणि घोळका पुढच्या ट्रॅक्टरकडे सरकतो, मागे शेतकरी हातातल्या चिठ्ठीवरचा आकडा परत परत बघत उभा असतो. तो शॉट मला मिळाला, बाईटची गरजच पडली नाही. हे डेस्कवर बसून कळत नाही.

पण दोन वर्षांत माझी कॉपी (बातमीचा मजकूर) कोणी वाचून दाखवली नाही, मी काय चुकते ते मला कळलंच नाही. मुंबईत पहिल्याच आठवड्यात लिहिलं, "अवकाळी पावसामुळे शेतकऱ्यांचे मोठ्या प्रमाणावर नुकसान झाल्याचे पाहायला मिळत आहे." सीनियर मॅडमनी व्हिज्युअल (शूट केलेली दृश्यं) लावलं आणि म्हणाल्या, पाऊस दिसतोय, नुकसानही दिसतंय, तू नवीन काय सांगतेस? मग खोडून लिहिलं, "हा कांदा उद्या बाजारात जाणार होता." तेव्हापासून मी आधी व्हिज्युअल बघते, मग लिहिते. 40 सेकंदांच्या व्हीओत (दृश्यांवर वाचायच्या मजकुरात) साधारण 80 शब्द बसतात, त्यात "पाहायला मिळत आहे" ला जागा द्यायची कशाला?

डेस्कचा त्रासही आहे, पहाटेची शिफ्ट, सणाला सुट्टी नाही, दिवसभर दुसऱ्याने पाठवलेल्या व्हिज्युअलवर लिहायचं. तीन-चार वर्षं तिथेच राहिलात तर गाव म्हणजे टिकरमधला (स्क्रीनखालच्या सरकत्या पट्टीतला) एक शब्द होऊन जातो, ही भीती खरी आहे.

अँकरिंगसाठीसुद्धा मी डेस्कच सांगेन. ब्रेकिंग आली की प्रॉम्प्टरवर (अँकर बघून वाचतो त्या स्क्रीनवर) काही नसतं, तेव्हा रोज कॉपी लिहिणारा माणूस तरून जातो. उच्चारांसाठी आकाशवाणीची कॅज्युअल वृत्तनिवेदकाची आवाज चाचणी जरूर द्या, ड्युटीप्रमाणे पैसे मिळतात, पोट त्यावर भरणार नाही पण वाचन सुधारतं. खासगी एफएमवर स्वतःच्या बातम्या करायला परवानगी नाही, आकाशवाणीच्याच बातम्या लावता येतात, त्यामुळे आरजे होऊन पत्रकारितेत शिरू हा हिशेब जमत नाही.

तर घरून आधार नसेल तर आधी डेस्क, आणि दीड-दोन वर्षांनी स्वतःहून फील्ड मागा, नाही म्हणाले तरी परत मागा. आधार असेल तर जिल्हा, पण डेस्कवरचा एखादा सीनियर पकडा जो आठवड्यातून एक स्क्रिप्ट तपासून देईल. आणि जिल्ह्यात काम सुरू करायच्या आधी चॅनेलकडून नियुक्तीचं पत्र लेखी घ्या, पुढे अधिस्वीकृतीच्या कार्डासाठी (पत्रकाराच्या सरकारी ओळखपत्रासाठी) संस्थेचं पत्र लागतंच, आणि एखाद्या मोर्चात पोलिसांनी अडवलं तर बूमवरचा लोगो पुरत नाही. "तू आपलाच माणूस आहेस, पत्र काय करायचंय" असं म्हणाले तर पत्र मिळेपर्यंत एकही व्हिज्युअल पाठवू नका.