व्हीम बॅकअप: रॅन्समवेअरच्या भीतीने घेत असाल तर हे आधी वाचा

मी छोट्या ऑफिसांचं आयटी सांभाळतो, सीए, पतसंस्था, एकदोन वर्कशॉप, आणि हल्ली सगळे एकच विचारतात की रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तर डेटा परत मिळेल ना. म्हणून व्हीम बॅकअप अँड रेप्लिकेशन या बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल लिहितोय.

डिसेंबर 2023 ला 12.1 व्हर्जन आलं त्यात मालवेअर डिटेक्शन, म्हणजे घातक सॉफ्टवेअरचा माग काढणं, आहे. बॅकअप घेताघेता ते डेटाचे ब्लॉक तपासतं, साध्या फाइली अचानक एनक्रिप्ट (कुलूपबंद) झाल्या किंवा खंडणीची चिठ्ठी सापडली की त्या रिस्टोर पॉइंटवर, म्हणजे त्या वेळच्या बॅकअपवर, 'सस्पिशस'चा शिक्का. हे सेटिंग आपणहून चालू करावं लागतं आणि सीपीयू खातं. टेस्ट मशीनवर टॅलीच्या डेटाची भलीमोठी कॉपी ठेवून स्क्रिप्टने सगळी एनक्रिप्ट केली, पुढच्या बॅकअपला बरोबर पकडलं. पासवर्डवाल्या झिप फाइली खूप असतील तर उगाच अलार्म येऊ शकतो, तेव्हा बघून 'क्लीन' मार्क करायचं. एक लक्षात घ्या, बॅकअप रात्री 11 ला असेल तर दुपारी झालेला हल्ला रात्रीच कळणार. हे काही अँटिव्हायरस नाही, हल्ला थांबवणार नाही.

मी पैसे मोजायला सांगेन ते हार्डन्ड रिपॉझिटरीसाठी, म्हणजे बॅकअप ठेवायच्या कडेकोट जागेसाठी. साधं लिनक्स मशीन, एक्सएफएस (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) डिस्क, आणि ठरवलेल्या मुदतीत, कमीत कमी 7 दिवस, बॅकअप फाइल व्हीममधून कोणालाच डिलीट करता येत नाही. मी व्हीमच्या कन्सोलमधून अॅडमिन असून 'डिलीट फ्रॉम डिस्क' दाबलं, सरळ एरर आला की अमुक तारखेपर्यंत हात लावता येणार नाही. बघून इतकं बरं वाटलं! कारण हल्लेखोर आत आले की आधी विंडोजच्या शॅडो कॉपी (विंडोजने स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती) उडवतात, मग बॅकअप शोधतात. 2017 च्या नॉटपेट्या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर (सगळ्यांच्या लॉगिनचा ताबा ठेवणारे सर्व्हर) जगभर गेले, न्हावा शेवाचं त्यांचं टर्मिनलसुद्धा ठप्प झालं, आणि घानाच्या ऑफिसात लाइट गेलेली म्हणून तिथला एक कंट्रोलर वाचला, त्याच्यावरून सगळं उभं केलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं, तर आपल्या पतसंस्थेचा डेटा लाइट जाण्याच्या भरवशावर कसा ठेवायचा?

रिस्टोर मस्त आहे. इन्स्टंट रिकव्हरीने व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरमध्ये चालणारा कॉम्प्युटर) थेट बॅकअपमधूनच चालू होतं, लोकांचं काम सुरू होतं आणि डेटा मागून सावकाश मूळ जागी हलवता येतो. फक्त एकच फोल्डर हवा असेल तर तेवढाच काढता येतो.

आता खटकणारं. व्हीमचा सर्व्हर विंडोजवर असेल तर तोच टार्गेट होतो. सीव्हीई 2024-40711 (सुरक्षेतल्या त्रुटींच्या यादीतला नंबर) हे भोक सप्टेंबर 2024 ला बुजवलं, तरी ज्यांनी अपडेट टाकलं नव्हतं त्यांच्यावर अकिरा आणि फॉग या रॅन्समवेअरवाल्यांनी तेच वापरलं. मार्च 2025 चं भोक तर डोमेनला (ऑफिसच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेला) जोडलेल्या बॅकअप सर्व्हरांनाच होतं. त्यामुळे हा सर्व्हर डोमेनला जोडूच नका, पासवर्ड वेगळा ठेवा, अपडेट आलं की त्याच आठवड्यात टाका. आणि लिनक्सचं नाव काढलं की घाबरणाऱ्या माणसाने सेटअप एकट्याने करू नये, जाणकाराला बसवून करून घ्या.

10 मशीनपर्यंत कम्युनिटी एडिशन फुकट आहे, छोट्या ऑफिसने तिथूनच सुरुवात करावी. माझ्याकडून 5 पैकी 4 स्टार, एक स्टार कापला तो अपडेटच्या कटकटीसाठी.