थायरॉईड अर्धी काढावी की पूर्ण?

खानापूर, चिक्कोडी, निपाणीकडची माणसं गळ्याची गाठ दाखवायला बेळगावला येतात, काहीजण कोल्हापूर गाठतात. सोनोग्राफी होते, सुई टाकून तपासणी होते आणि मग प्रश्न उरतो: थायरॉईडची गाठ असलेली एकच बाजू काढायची की सगळी ग्रंथी? घरात बोलणं होतं ते खर्चाचं आणि व्रणाचं. माझ्या मते आधी बोलायला हवं ते आवाजाच्या नसेबद्दल.

ही नस ग्रंथीच्या मागून स्वरयंत्रात जाते, दोन्ही बाजूंना एकेक. डावी छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळते, उजवी हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून वळून वर येते. पण साधारण शंभरात एखाद्याच्या उजव्या बाजूची नस खाली जातच नाही, मानेतूनच थेट स्वरयंत्रात शिरते. अशा माणसांत उजव्या हाताची धमनीही वेगळ्या वाटेने, बहुधा अन्ननलिकेच्या मागून गेलेली असते. त्यामुळे आधी कधी छातीचा सीटी स्कॅन झाला असेल तर तो जुना रिपोर्ट सोबत न्याच. डावीकडे हा प्रकार अत्यंत दुर्मीळ. त्याहून कितीतरी जास्त वेळा नस स्वरयंत्रात शिरण्याआधीच फाटे फोडते. एक फाटा म्हणजेच पूर्ण नस समजलं, तर दुसरा धोक्यात येतो.

अर्धी काढली तर एकाच नसेला धोका. दुसऱ्या बाजूच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथींना हात लागत नाही, म्हणून कॅल्शियम कायमचं कमी होण्याची भीती जवळपास नसते. थायरॉईडची गोळी काहींनाच लागते. उणीव एक: काढलेल्या भागात कॅन्सर निघाला, तर पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं.

पूर्ण काढली तर गोळी आयुष्यभर. दोन्ही नसा दुखावल्या तर प्रश्न आवाजाचा राहत नाही, श्वासाचा होतो. तुरीच्या डाळीएवढ्या पॅराथायरॉईड बहुतेकांना चार असतात. वरच्या दोन बऱ्यापैकी ठरल्या जागी सापडतात, खालच्या दोन मात्र थेट छातीच्या वरच्या भागातही असू शकतात. त्यांचा रक्तपुरवठा बिघडला की ओठ आणि बोटं मुंग्यांनी भरतात. तरीही दोन्ही बाजूंचा मोठा गलगंड, ऑपरेशन ठरलेला ग्रेव्हज आजार (यात थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करते) किंवा मोठा कॅन्सर असेल, तर पूर्णच काढणं योग्य.

एका बाजूची साधी गाठ असेल तर मी अर्ध्याच्या बाजूने आहे. भजन म्हणणाऱ्यांनी आणि शिक्षकांनी तर ठामपणे विचारावं. ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून आणखी एक बारीक नस जाते, काहींमध्ये ती टोकाला अगदी चिकटून असते. ती दुखावली की वरचा सूर लागत नाही, आवाज लवकर थकतो.

बेळगाव की कोल्हापूर, यापेक्षा सर्जन कोण हे महत्त्वाचं. वर्षाला 25 पेक्षा जास्त थायरॉईड ऑपरेशनं करणाऱ्यांच्या हातून गुंतागुंत कमी होते, असं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. तेव्हा आकडा विचारा, त्यात संकोच कसला? ऑपरेशनआधी दुर्बिणीने स्वरयंत्र तपासणार का, नस ओळखायला मॉनिटर आहे का, आणि पहिल्या बाजूला मॉनिटरचा सिग्नल गेला तर दुसरी बाजू त्या दिवशी थांबवणार का, हेही विचारा. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर सही करण्याआधी ते मराठीत समजावून घ्या.