टाकुमार ५० एफ/१.४: स्वच्छ, पिवळी आणि उन्हात वाळवलेली

पेंटॅक्सची जुनी ५० मिलिमीटर एफ/१.४ टाकुमार लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यासाठी घ्यायची हे तुमचं ठरलंय, असं धरून चालतो. स्क्रू माउंट, ॲडॉप्टर, फोकस पीकिंग हे तुम्हाला ठाऊक असणार. अडलंय ते एवढ्यावरच, की नेमकी कुठली? बाजारात तीन फिरतात. १९६४ मध्ये आलेली पहिली सुपर-टाकुमार, आठ भिंगांची. तिच्या मागोमाग आलेली, दिसायला जवळपास तश्शीच पण सात भिंगांची सुपर-टाकुमार. आणि १९७१ पासूनची सुपर-मल्टी-कोटेड टाकुमार, तीही सात भिंगांचीच. रबरी रिंगची एसएमसी टाकुमार हे या तिसरीचंच पुढचं रूप, म्हणून तिला वेगळं धरत नाही.

तिन्ही माझ्याकडे येऊन गेल्या. आता एकच उरली आहे. कुठली ते लगेच सांगत नाही, पण फार वेळ लपवता येईल असंही वाटत नाही.

तिन्हींवर १.४ कोरलेलं आहे, पण तो आकडा नुसती भूमिती सांगतो. फोकल लांबीला समोरून दिसणाऱ्या भोकाच्या व्यासानं भागा, झालं. आत शिरलेला प्रकाश सेन्सरपर्यंत किती पोचतो, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. सिनेमावाले म्हणून टी-स्टॉप, म्हणजे प्रत्यक्ष पार होणाऱ्या प्रकाशाचा आकडा, वेगळा लिहितात. आपल्या जुन्या लेन्सवर तो कुणी लिहिलेला नाही, तेव्हा आपला आपणच अंदाज घ्यायचा. मी घेतला तो असा, लेन्स हाती आली त्या त्या वर्षी: डिसेंबरातली निरभ्र दुपार, गच्चीच्या जिन्याची पांढरी भिंत, तिन्ही लेन्स एफ/४ वर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) तोच. आठ भिंगांची लावली तर कॅमेरा १/२५० सेकंद म्हणाला. पिवळी पडलेली सात भिंगांची लावली तर १/१६०. सुपर-मल्टी-कोटेड मी आधीच उन्हं देऊन ठेवली होती, तीही १/२५० वरच आली. याला कुणी प्रयोगशाळा म्हणणार नाही. तुमच्या भिंतीवर थोडं इकडेतिकडे होईल.

म्हणजे पिवळी दोन-तृतीयांश स्टॉप मागे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). तो कुठे गेला, हे तुम्ही वाचलेलं असेल. आठ भिंगांच्या रचनेत तीन भिंगं एकमेकांना चिकटवलेली होती. बनवायला किचकट काम. सात भिंगांच्या रचनेत मागच्या बाजूला थोरियम मिसळलेली काच आली. तिचा अपवर्तनांक चढा, म्हणजे ती प्रकाश जास्त वाकवते, आणि रंग मात्र फारसे फाकत नाहीत, त्यामुळे एक भिंग वाचवता आलं. पण थोरियम किरणोत्सारी. त्याचं अर्धायुष्य १४०० कोटी वर्षांच्या घरात आहे, म्हणजे आपल्या नातवंडांच्या काळातही ते तितक्याच जोमात असणार. तो किरणोत्सार काचेच्या रचनेत बारीक बारीक दोष पाडत राहतो आणि त्या दोषांत निळा प्रकाश अडकतो. पन्नासेक वर्षांत काच कोऱ्या चहासारखी होते. माझी पहिली पिवळी मी नागपूरच्या बर्डीतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांना दाखवली, तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे धरून विचारलं, "काहून भाऊ, चहा सांडला का यात?" आमच्या घोळक्यात तिचं नाव मग पिवळी मारबतच पडलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवतात त्या पिवळ्या पुतळ्यावरून. (तब्येतीची काळजी असेल तर: कपाटात ठेवून अधूनमधून वापरायला मला भीती वाटत नाही. मागचं भिंग डोळ्याला लावून बसण्याचा उद्योग मात्र करू नये.)

दोन-तृतीयांश स्टॉप म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. आयएसओ थोडा वाढवला की भरून निघतो. दुखणं हे, की तो सगळ्या रंगांतून सारखा जात नाही. पहिल्या वर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर मी ही पिवळी घेऊन गेलो होतो. लेन्सची परीक्षा घ्यायला त्या दिवशीसारखी जागा नागपुरात नाही. चारी बाजूंनी लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत, वर निळे झेंडे, मागे पांढरा स्तूप. घरी येऊन बघतो तर पांढऱ्या साड्या हळदीच्या पाण्यातून काढल्यासारख्या. ऑटो व्हाइट बॅलन्सनं, म्हणजे कॅमेऱ्याच्या आपोआप रंग सुधारण्यानं, दिवसाच्या फोटोंत त्या बऱ्यापैकी पांढऱ्या केल्या, पण संध्याकाळी हॅलोजनखाली काढलेल्या फोटोंत झेंडे मेलेले. हॅलोजनमध्ये निळा मुळातच कमी, त्यातला उरलासुरला काचेनं गिळलेला. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत) निळा चॅनेल ताणून वर आणला तेव्हा झेंड्यांवर वाळू टाकल्यासारखे दाणे आले.

फक्त कृष्णधवल करणार असाल तर हे सगळं सोडून द्या. फिकट पिवळा फिल्टर फुकट मिळाला असं समजा. हातातलं लाइट मीटर वापरत असाल तर तेवढा अर्धा-पाऊण स्टॉप आठवणीनं वाढवा, कारण त्या मीटरला लेन्सची काच दिसत नाही.

तर पिवळी विकली आणि लोक जिचे गोडवे गातात ती आठ भिंगांची घेतली. पिवळीच्या जवळजवळ अडीचपट पैसे मोजले. तिच्यात थोरियम नाही, काच नितळ, आणि दिवसाउजेडी काढलेले तिचे फोटो खरोखर देखणे येतात. एफ/२ वर चेहऱ्याच्या मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. हे मी नाकारणार नाही. ज्यांना ती हवीच आहे त्यांच्याशी भांडायलाही जाणार नाही.

पण दुसऱ्या वर्षीचा दसरा.

रात्रीचे आठ वाजले असतील. पुस्तकांच्या स्टॉलांच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या. पांढरी साडी, मांडीवर नुकत्याच घेतलेल्या पाच-सहा पुस्तकांची चळत. मी विचारलं, "आजी, एक फोटो काढू का?" त्या म्हणाल्या, "काढ न बाबा. पण पुस्तकं दिसली पाहिजेत." मी वाकून काढला. आजींच्या मागे स्टॉलचे दोन उघडे बल्ब आणि त्याच्याही मागे स्तूपावर सोडलेले प्रकाशझोत. स्क्रीनवर बरा वाटला. घरी मोठा करून पाहिला तर अख्ख्या फोटोवर दुधाची साय. चेहरा फिका. साडी आणि मागचा उजेड एकमेकांत मिसळलेले. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरची अक्षरं, जी दिसलीच पाहिजेत असं आजींनी बजावलं होतं, ती राखाडी धुक्यात गेलेली. काळा खाली ओढला, काँट्रास्ट वाढवला, पण जे नोंदलंच गेलं नाही ते येणार कुठून?

कारण कोटिंग, म्हणजे परावर्तन कमी करायला भिंगांवर चढवलेला पातळ थर. तिन्ही लेन्समध्ये भिंगांचे सहा गट आहेत, म्हणजे काच आणि हवा यांच्या सीमा बारा. साध्या, कोटिंग नसलेल्या काचेची प्रत्येक सीमा चारेक टक्के प्रकाश परत फेकते. अशा बारा सीमा ओलांडून जेमतेम ६१ टक्के पार होईल. एका थराच्या जुन्या कोटिंगनं सीमेगणिक तोटा दीड टक्क्यावर आला असं धरलं तर ८३ टक्के. बहुथरी कोटिंगमध्ये तो अर्ध्या टक्क्यावर किंवा त्याच्याही खाली उतरतो, म्हणजे ९४ टक्के किंवा जास्त. स्टॉपमध्ये मोजायचं तर एकथरी आणि बहुथरी यांच्यात पाव स्टॉपच्या आतबाहेरचा फरक. माझ्या भिंतीवर तो दिसलाही नाही, आणि एवढ्याचसाठी कुणी लेन्स बदलू नये.

पण परत फिरलेला तो प्रकाश नाहीसा होत नाही. दोन भिंगांच्या मध्ये इकडून तिकडे आपटत राहतो आणि त्यातला काही शेवटी सेन्सरवर येऊन पडतो, नको त्या जागी, सगळीकडे पसरून. भिंत एकसारखी पांढरी, तिच्यावर तो कळत नाही. आजींच्या मागचे दोन बल्ब असले की कळतो. किती प्रकाश पोचला एवढंच मोजत बसलात तर आठ भिंगांची कुठे कमी पडत नाही. कुठे पोचला हे बघायला लागलात की चित्र पालटतं.

हूड (लेन्सपुढे लावायची, बाजूचा उजेड अडवणारी झापड) लावा, सांगणारे सांगतात. लावला होता. दिवे चौकटीच्या आतच असतील तर हूड काय करणार?

सुपर-मल्टी-कोटेड मी तिसऱ्या वर्षी घेतली. तीही थोरियमवालीच, तेव्हा तीही पिवळी निघाली. विकणाऱ्यानं फोटो काळ्या कापडावर ठेवून काढले होते, मग पिवळेपणा दिसणार कसा! पण पिवळेपणाला औषध आहे. अतिनील किरणांनी काचेतले ते दोष भरून येतात. आणि आपल्याकडे उन्हाचा काय तोटा?

पहिला प्रयत्न मी मूर्खासारखा नवतप्यात, मे अखेरच्या त्या रणरणत्या नऊ दिवसांत, केला. आईनं गच्चीवर पापड-कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्याच शेजारी लेन्स मांडली. "हा पापड उलटायचा कधी?" म्हणून आईनं विचारलंही. दुपारी हात लावला तर चटका बसला. फोकसच्या रिंगमधलं ग्रीस पातळ झालं होतं, अजून थोडा वेळ राहिली असती तर ते अपर्चरच्या, म्हणजे आतलं भोक लहानमोठं करणाऱ्या, पात्यांवर उतरलं असतं. शिवाय आरपार आलेल्या उन्हाचा ठिपका पडून चादरीला वाटाण्याएवढं भोक पडलं, ते वेगळंच. तेव्हा मे महिना टाळा. नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी नऊ ते अकराचं ऊन. मागचं भिंग सूर्याकडे, कारण थोरियम तिकडे आहे. अपर्चर पूर्ण उघडं, आणि खाली ॲल्युमिनियमचा कागद, म्हणजे पार गेलेले किरण उलट येतात आणि काही जळतही नाही. मला साधारण तीन आठवडे लागले. घाई असेल तर नखांचं जेल सुकवायचा अतिनील दिवा मिळतो, मित्रानं त्यावर चार-पाच दिवसांत काम उरकलं. पावसाळ्यात मात्र कोरड्या डब्यात, सिलिका जेल घालून. बुरशी लागली तर तिन्ही लेन्स सारख्याच.

त्यानंतरच्या दसऱ्याला हीच नेली. झेंडे निळे आले, साड्या पांढऱ्या आल्या. एका बाकावर दोन तरुण मुली पुस्तकं चाळत होत्या, मागे तसेच बल्ब. बल्बांभोवती एक लहानसं हिरवट वलय आलं, बाकी फोटो कोरडा ठणठणीत. मुखपृष्ठावरची अक्षरं वाचता येतात.

आठ भिंगांचीच घ्यायची असेल तर एवढं बघा: फोकसच्या रिंगशेजारच्या डेप्थ-ऑफ-फील्डच्या पट्टीवरची इन्फ्रारेडची लाल खूण ४ या आकड्याच्या उजवीकडे असेल तर ती आठ भिंगांची, ४ आणि मधल्या रेघेच्या दरम्यान असेल तर सात भिंगांची. नुसत्या सुपर-टाकुमार नावावर अडीचपट पैसे देऊ नका. सात भिंगांची एकथरी सुपर-टाकुमार स्वस्तात मिळत असेल तरी माझं मन तिच्याकडे वळत नाही. तिच्यात पिवळेपणाही आहे आणि सायही. आणि सुपर-मल्टी-कोटेड घेताना विकणाऱ्याकडून पांढऱ्या कागदावर ठेवलेला फोटो मागून घ्या. पिवळी दिसली तर तेवढ्यासाठी सोडू नका, पण भावात चारशे-पाचशे कमी करून घ्या, ऊन तर आपलंच आहे.

माझी परवा कागदावर ठेवून पाहिली. कडेला पुन्हा किंचित हळद दिसायला लागली आहे. यंदा दिवाळीनंतर गच्चीवर.