वेळणेश्वरजवळच्या होमस्टेमधली आकाशदर्शन आणि यूएफओ गप्पांची रात्र : सविस्तर रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकतो. जेवणाला पाचपैकी पाच, सरांच्या बोलण्याला पाच, टेलिस्कोपला तीन आणि बागेतल्या दिव्यांना शून्य. एकूण चार धरा.

गुहागर तालुक्यात हेदवी-वेळणेश्वर पट्ट्यात एका घरगुती होमस्टेवाल्यांनी थंडीत अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी हा कार्यक्रम सुरू केलाय. संध्याकाळी चहा, अंधार पडला की टेलिस्कोप, मग जेवण आणि जेवण झाल्यावर माडांखाली खुर्च्या टाकून एका विषयावर गप्पा. आम्ही रत्नागिरीकडून जयगड-तवसाळ फेरीबोटीने गाडी घेऊन गेलो, तो रस्ता सोपा पडतो, पण शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून निघा. आमच्या रात्रीचा विषय होता यूएफओ (आकाशात दिसलेल्या, ओळख न पटलेल्या वस्तू), म्हणजे अमेरिकन सरकारकडे ह्याबद्दल जी काय माहिती आहे ती बाहेर काढायला कोण कोण झगडलं. बोलणारे चिपळूणकडचे रिटायर्ड फिजिक्सचे सर.

ह्या विषयावर आपल्याकडे जे व्हिडिओ फिरतात ते बघून माझा मुलगा आधीच एक्साइट होता, त्याला वाटलं आता पिरॅमिड आणि उडत्या तबकड्या येणार. सरांनी सुरुवातीलाच सांगितलं की परग्रहावर कोणी आहे का नाही ह्याचा निकाल आपण इथे लावणार नाहीये, आपण माणसं बघू, आणि प्रत्येक माणसाला एकच प्रश्न विचारू, बाबा तू स्वतः पाहिलंस, का पाहिलेल्याकडून ऐकलंस, का तू फक्त कागद मागतोयस? रात्रभर तो एक प्रश्न त्यांनी सोडला नाही, आणि मला ही रात्र आवडण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच.

पहिला नंबर डेव्हिड फ्रेव्हरचा. अमेरिकन नेव्हीचा कमांडर, फायटर पायलट. १४ नोव्हेंबर २००४, निमित्झ विमानवाहू जहाज दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रात सरावाला होतं, तेव्हा ह्याला पाण्यावर एक पांढरी लांबट वस्तू दिसली, टिकटॅकच्या गोळीसारखी, साधारण ४० फूट, पंख नाही, धूर नाही. दुसऱ्या विमानात अ‍ॅलेक्स डीट्रिक होती, दोन्ही विमानं दोन-दोन सीटची, म्हणजे डोळ्यांनी बघणारे चौघं. आता ह्यात बहुतेक लोक गडबड करतात ती सरांनी नीट सोडवली. जो काळापांढरा व्हिडिओ जगभर फिरला तो फ्रेव्हरने काढलेला नाहीच, तो परत आल्यावर दुसरं विमान गेलं त्याच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यातला आहे तो. म्हणजे साक्ष वेगळी आणि व्हिडिओ वेगळा, दोन्ही एकत्र कालवले की कशालाच अर्थ राहत नाही.

रायन ग्रेव्हज, हा पण नेव्हीचा पायलट, पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. त्याचं म्हणणं मला सगळ्यात पटलं. २०१४-१५ च्या सुमाराला व्हर्जिनिया बीचच्या समुद्रावर त्याच्या स्क्वाड्रनच्या रडारवर अशा गोष्टी सतत यायच्या आणि एकदा तर दोन विमानांच्या मधून एक वस्तू गेली, पारदर्शक गोळ्याच्या आत काळसर क्यूब. ते ग्रेव्हजने स्वतः पाहिलं नाही, त्याच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, आणि तो तसंच सांगतो. त्याची मागणी काय तर पायलटने असं काही रिपोर्ट केलं तर त्याला वेडा ठरवू नका, टक्कर झाली तर माणसं मरतील. ह्यात एलियन मानायची काही गरजच नाही, आणि म्हणूनच हा माणूस मला महत्त्वाचा वाटतो.

नेव्हीच्याच विमानातून काढलेला २०१५ चा "गोफास्ट" व्हिडिओ सरांनी लॅपटॉपवर दाखवला, त्यात एक ठिपका समुद्रावरून सुसाट जाताना दिसतो. मग म्हणाले एसटीच्या खिडकीतून बघा, जवळचा विजेचा खांब मागच्या डोंगरावरून कसा पळतो, खांब कुठे हललाय? नासाच्या समितीने २०२३ च्या रिपोर्टमध्ये हेच गणित मांडलं, वस्तू साधारण १३,००० फुटांवर होती आणि वेग ताशी ४० मैलांच्या आसपास, बाकीचा वेग बघणाऱ्या विमानाचा. माझ्या मुलाने तो व्हिडिओ परत लावायला सांगितला आणि दुसऱ्यांदा बघताना त्यालाच ते दिसलं.

मग कागद बाहेर काढणारी मंडळी. ह्यात पेंटागॉनमधला, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यातला, लुईस एलिझोंडो ऑक्टोबर २०१७ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडला, ख्रिस्तोफर मेलन हा संरक्षण खात्यातला गुप्तचर विभागाचा माजी मोठा अधिकारी, त्याने नेव्हीचे हे व्हिडिओ पत्रकारांपर्यंत पोचवले, आणि १६ डिसेंबर २०१७ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेस्ली कीन, हेलीन कूपर आणि राल्फ ब्लूमेन्थल ह्यांची बातमी आली की सिनेटर हॅरी रीड ह्यांच्या प्रयत्नाने २ कोटी २० लाख डॉलर ह्या अभ्यासावर खर्च झाले होते. एलिझोंडो म्हणतो मी तो कार्यक्रम चालवायचो, पेंटागॉनने म्हटलं की त्याच्याकडे तशी जबाबदारीच नव्हती. सरांनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि पुढे गेले. व्हिडिओ खरेच नेव्हीचे आहेत हे मात्र पेंटागॉनने एप्रिल २०२० मध्ये ते स्वतः प्रसिद्ध करून मान्य केलं.

डेव्हिड ग्रशचा विषय आला तेव्हा सगळे सरसावून बसले. एअरफोर्सचा माजी गुप्तचर अधिकारी, २६ जुलै २०२३ ला फ्रेव्हर आणि ग्रेव्हजच्या बरोबरीने अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे शपथेवर बोलला की सरकारकडे कोसळलेली यानं आहेत आणि मानवेतर जैविक अवशेष पण. इथे सरांचा प्रश्न परत आला, पाहिलंस का ऐकलंस? ग्रश स्वतःच सांगतो की ४० च्या वर लोकांशी बोलून हे समजलं. म्हणजे ऐकलेलं. दुसऱ्या बाजूला असल्या नोंदी तपासणाऱ्या पेंटागॉनच्याच आरो नावाच्या ऑफिसने मार्च २०२४ च्या रिपोर्टमध्ये लिहिलं की परग्रहाचा काही पुरावा मिळाला नाही, आणि तीच ती माणसं एकमेकांचं ऐकून हे दावे फिरवतायत. माझं मत विचाराल तर शपथेवर बोललेल्या माणसाचं म्हणणं कागदावर तपासायलाच पाहिजे, आणि ते तपासणारं ऑफिस पेंटागॉनच्या हाताखालचं नसावं. सिनेटर शूमर आणि राउंड्स ह्यांनी २०२३ मध्ये नेमकं तसलंच बिल आणलं होतं, केनेडी हत्येच्या कागदपत्रांसाठी १९९२ ला जो कायदा केला त्या धर्तीवर, स्वतंत्र रिव्ह्यू बोर्ड वगैरे. त्यातलं बोर्ड कापलं गेलं, नॅशनल अर्काइव्हमध्ये फायली जमा करायचं कलम तेवढं उरलं.

इथे बसलेल्यांपैकी एक काका, तालुक्यातले जुने माहिती अधिकारवाले, एकदम बोलायला लागले आणि सरांनी त्यांना बोलू दिलं. आपल्याकडे राजस्थानात अरुणा रॉय आणि त्यांची मजदूर किसान शक्ती संघटना, महाराष्ट्रात अण्णा हजारे, एवढं सगळं झाल्यावर २००५ चा कायदा आला, आणि तरी काकांना रस्त्याच्या कामाची एक फाइल मिळवायला अपिलात जावं लागलं. तिकडे अमेरिकेत माहितीचा कायदा १९६६ चा. १९९६ मध्ये जॉन ग्रीनवॉल्ड नावाचा १५ वर्षांचा पोरगा त्या कायद्याखाली अर्ज करायला लागला, आणि लाखो पानं त्याने वेबसाइटवर सगळ्यांसाठी टाकलीत. ह्या सगळ्या मंडळीत मला सगळ्यात जास्त आदर ह्या माणसाबद्दल वाटला. त्याने काही पाहिल्याचा दावा नाही, कोणाला काही पटवायचं नाही, अर्ज करतो आणि आलेलं उत्तर लोकांसमोर ठेवतो.

सरकारने यूएफओची माहिती उघड करावी म्हणून मागे लागलेले डॉक्टर स्टीव्हन ग्रीअर (२००१ ला वॉशिंग्टनमध्ये मोठी पत्रकार परिषद घेतली ते) आणि लॉबिस्ट स्टीफन बॅसेट ह्यांच्यावर जरा जास्तच वेळ गेला. त्या बदल्यात जे. अ‍ॅलन हायनेकला पाचच मिनिटं, हे काही मला पटलं नाही. एअरफोर्सचा सल्लागार खगोलशास्त्रज्ञ, एअरफोर्सच्याच यूएफओ तपासाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकमध्ये १२,६१८ नोंदी झाल्या त्यातल्या ७०१ चा उलगडा नाही, १९६६ ला मिशिगनमधल्या दिव्यांना दलदलीतला गॅस म्हणाला आणि लोक खवळले, आणि नंतर हाच माणूस म्हणायला लागला की गंभीरपणे अभ्यास करा. पुढच्या वेळी अर्धा तास त्यालाच द्या अशी विनंती आहे. फ्रान्सची सरकारी संस्था १९७७ पासून हे काम करते आणि फायली २००७ ला नेटवर टाकल्या, तेही राहिलं. आणि वाटलेली झेरॉक्स सगळी इंग्लिशमध्ये, ती मराठीत करा.

आता बाकीचं. टेलिस्कोप एकच, माणसं पंचवीसच्या आसपास, त्यामुळे गुरूचे चंद्र बघायला लाइन. कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघ फार सुंदर दिसले. पण बागेतले पिवळे दिवे कोणी बंदच केले नाहीत, सांगून पण नाही, आणि डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं तरी लागतात हो, मध्येच कोणी किचनचा दरवाजा उघडला की परत शून्यापासून. समुद्रावर क्षितिजाला झगझगीत दिवे दिसले तेव्हा पोरं ओरडली, ते एलईडीवाल्या मच्छीमार बोटींचे. स्टारलिंकच्या उपग्रहांची रांग कशी ओळखायची ते पण सरांनी शिकवलं.

जेवण म्हणजे कुळथाचं पिठलं, भात, वालाचं बिरडं, सोलकढी आणि उकडीचे मोदक, काकू स्वतः वाढत होत्या आणि मोदकावर तूप घालताना हात आखडत नव्हत्या. मासे पाहिजे असतील तर आदल्या दिवशी सांगायला लागतं. बाथरूम स्वच्छ, गरम पाणी बंबातलं.

दहा वर्षांखालची पोरं असतील तर त्यांना गप्पांच्या वेळी झोपवा, कंटाळतात. ओडोमॉस न्या, स्वेटर न्या, आणि बुकिंग करतानाच दिवे बंद ठेवणार का ते स्पष्ट विचारा.