नोक्टुआचा १२० मिमी पंखा: माइकसमोर बसणाऱ्यांसाठी

माझं काम ऑडिओबुकसाठी वाचनाचं. टेबलाखालच्या पीसीची घरघर प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये उतरायची. धूळ झाडली, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलली, पण फरक शून्य. शेवटी पेन्सिलीच्या मागच्या रबराने एकेक पंखा मधोमध हलकेच दाबून क्षणभर थांबवून पाहिला. मागचा थांबला आणि खोली एकदम शांत! त्याचं बेअरिंग गेलं होतं. बोट लावलं की पातं डुगडुगायचं.

त्या जागी नोक्टुआ कंपनीचा एनएफ-ए१२एक्स२५ पीडब्ल्यूएम हा पंखा बसवला. पाती आणि चौकट यांच्यात जेमतेम ०.५ मिमी फट. कमाल वेग मिनिटाला २००० फेऱ्यांचा आहे, पण इतक्याची गरज पडत नाही. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) फॅन कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा हे, बदलून मी तो एरवी ८०० च्या आसपास ठेवते, तापमान तरीही आटोक्यात राहतं.

सोबत रबरी खुंट्या येतात. स्क्रूऐवजी त्याच लावा, हे मी आग्रहाने सांगते. भोकातून ओढून घेताना बोटं दुखतात, पण कंपन कॅबिनेटच्या पत्र्यात उतरत नाही. माझ्या मते निम्मी घरघर त्या पत्र्याचीच होती. रंग तपकिरी-बदामी, तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. वॉरंटी ६ वर्षांची.

काल एक अख्खं प्रकरण नॉइज रिडक्शन न लावता पाठवलं. दोन वाक्यांमधल्या विरामात फक्त माझा श्वास ऐकू येतो.