‘संशयकल्लोळ’ : बाकावर वाचावे की उभे राहून करावे?
सोलापुरात अकरावीच्या वर्गाला गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ हे विनोदी संगीत नाटक मी दोन्ही प्रकारे शिकवले आहे. बाकावर बसून वाचले की भाषेची लकब नीट कळते आणि फाल्गुन, अश्विन, कृत्तिका, रेवती ही नावे महिने-नक्षत्रांची आहेत हेही मुलांच्या ध्यानात येते. मात्र तसबिरीचा प्रवेश, म्हणजे बायको कृत्तिकेच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर पाहून फाल्गुनराव संशय घेतो तो, नुसता वाचून हसू फुटत नाही. एका मुलीने वहीचा पुठ्ठा तसबीर म्हणून निरखायला घेतला आणि फाल्गुनराव झालेला मुलगा मागून मान उंचावून पाहू लागला, तेव्हा संशय कसा वाढतो हे कोणालाच समजावून सांगावे लागले नाही. पदे तर ऐकवावीच लागतात. तासिका कमी असतील, तर मी वाचन आटोपते घेईन, पण हा प्रवेश उभा केल्याशिवाय राहणार नाही.