बरोक बासरीची वापरलेली रेप्लिका विकायची आहे: डीलरकडे ठेवावी की स्वतःच गिऱ्हाईक शोधावं?

ट्राव्हर्सो, म्हणजे बरोक काळातली (सतरावं-अठरावं शतक) आडवी लाकडी बासरी, विकायला काढली की रस्ते दोनच. जुन्या पद्धतीच्या वाद्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरकडे कमिशनवर ठेवायची, नाहीतर आपणच वाजवणारा माणूस शोधून त्याच्या हातात द्यायची. (तिसरा म्हणजे ज्याने बनवली त्यालाच परत विचारणं. तो सगळी तपासून, तेलपाणी करून देतो आणि त्याच्याकडे थांबलेली माणसंही असतात, पण सगळे मेकर जुनं वाद्य परत घेत नाहीत, म्हणून तो सोडून देतो.) मी एकाच बासरीसाठी दोन्ही रस्ते करून पाहिलेत त्यामुळे जे लिहितोय ते माझ्या अनुभवापुरतं, तुमचं वाद्य वेगळं असेल तर गणितही वेगळं असू शकतं.

माझी होती रॉटनबर्गची कॉपी. म्हणजे ब्रुसेल्सचा जो झां-इयासिंथ रॉटनबर्ग (1672-1756), त्याच्या मूळ बासरीवरून बनवलेली, बॉक्सवुडची, चार तुकडे, एक चावी (भोक झाकणारी), पट्टी 415 (म्हणजे ए स्वर 415 हर्ट्झला, आजच्या 440 पेक्षा साधारण अर्धा स्वर खाली). नऊ वर्षं वाजवली. पुढे फ्रेंच संगीतकार ओतेतेर आणि त्या काळच्या बाकी फ्रेंच मंडळींच्या रचनांकडे जास्त वळलो, त्यासाठी आणखी खालच्या पट्टीची, 392 ची बासरी घेतली आणि ही केसमध्ये पडून राहायला लागली. चांगलं वाद्य पडून राहिलेलं मला बघवत नाही म्हणून विकायचं ठरवलं.

आधी डीलरची बाजू सांगतो, कारण ती खरंच भक्कम आहे. त्याच्याकडे येणारा माणूस घ्यायच्याच इराद्याने येतो, पाच बासऱ्या शेजारी शेजारी ठेवून वाजवतो, पैशाचा व्यवहार डीलरच्या हातून होतो, पॅकिंग, कुरिअर, विमा सगळं तोच बघतो. वाद्य सीमेपलीकडे जाणार असेल तर कागदपत्रांचीही त्याला सवय असते. ग्रेनाडिलाच्या (वाद्यांसाठी वापरतात त्या काळ्या) लाकडावर 2017 च्या सुरुवातीपासून सायटिसचे, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले होते, नोव्हेंबर 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण अजूनही घेणारा घाबरतो आणि तिथे डीलरचा एक शब्द पुरतो. तुमच्या बासरीवर एखाद्या नावाजलेल्या मेकरचा शिक्का असेल, ज्याच्याकडे नवीन बासरीसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात, तर डीलरकडे ती पटकन जाते. माझ्या मित्राची गेली, काही आठवड्यांत, त्याला एक फोनसुद्धा करावा लागला नाही.

स्वतः विकायचं म्हणजे डोकं शांत पाहिजे. सगळ्यांचे प्रश्न तेच, 415 का 440, कुठे तडा आहे का, वाकली आहे का (बॉक्सवुड वाकतंच थोडं, लपवू नका, सपाट टेबलावर ठेवून बाजूने फोटो काढून पाठवा), चावीची गादी कधी बदलली. एकाने तीन आठवडे रोज मेसेज केले आणि मग गायब झाला. ट्रायलला पाठवायची तर परतीचं कुरिअर कोणी भरायचं इथपासून बोलणी. हा त्रास खरा आहे, कमी करून सांगत नाही.

आता ज्याने माझ्यापुरता निकाल लावला ती गोष्ट, बूच.

मुखाच्या तुकड्यात, फुंकायच्या भोकाच्या वरच्या अंगाला आत जे बूच असतं ते किती अंतरावर बसलंय यावर खालचं आणि वरचं सप्तक एकमेकांशी जुळणार की नाही हे ठरतं. जर्मन बासरीवादक क्वान्ट्झने बासरीवादनावरच्या 1752 च्या ग्रंथात लिहून ठेवलंय की मधला तुकडा बदलून पट्टी बदलली की बूचही सरकवायला हवं, म्हणजे ही काही किरकोळ बाब नाही. माझ्या बासरीला स्क्रूवालं बूच होतं, टोपी फिरवली की आतबाहेर होणारं. ती टोपी इतकी छान गुळगुळीत आहे की हातात घेणाऱ्याची बोटं आपोआप तिच्याकडे जातात.

डीलरकडे बासरी सात महिने होती. मधे दोनदा विचारलं तर उत्तर आलं की लोक वाजवून बघतात, आवाज आवडतो, पण "सुरात जरा कमी वाटते" म्हणून ठेवून देतात. मला हे पटेना. मी नऊ वर्षं हार्पसिकॉर्डबरोबर वाजवलेली बासरी, तिचा तारातला ई स्वर जरा सांभाळावा लागतो हे मला माहिती, पण सुरात कमी? शेवटी आणायला गेलो. तिथेच उभ्या उभ्या जोडली आणि तीन सप्तकांतले तीन डी स्वर वाजवले, खालचा, मधला, वरचा. तिन्ही तीन दिशांना. सफाईच्या काठीवर मी बुचाच्या अंतराची पेन्सिलची खूण करून ठेवलेली असते, काठी आत घातली तर खूण भोकाच्या मध्यावर यायच्या ऐवजी चांगली तीनएक मिलिमीटर सरकलेली. म्हणजे कोणीतरी पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच टोपी फिरवली असणार आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने बिघडलेली बासरी वाजवून, माझी बासरी बेसूर आहे असं ठरवून खाली ठेवली. कोणाची चूक म्हणावी? डीलर बासरी वाजवणारा नव्हता, त्याच्याकडे रेकॉर्डरपासून ओबोपर्यंत सगळं येतं, तो प्रत्येक वाद्याचं बूच तपासत बसणार नाही. पण सात महिने ते वाद्य बदनाम होत राहिलं आणि मला त्याचा पत्ता नव्हता, हे मनाला फार लागलं.

त्यात भर म्हणजे लाकूड. कपाटात महिनोन् महिने कोरडं पडलेलं वाद्य एका शनिवारी अचानक तास-तासभर तिघं वाजवतात, आतून दमट श्वासाने लाकूड फुगतं, बाहेरून कोरडंच असतं, तडा जायला एवढं पुरतं. माझी सुदैवाने फाटली नाही, पण जोडांवरचा दोरा इतका सैल झाला होता की खालचा तुकडा हातात फिरत होता. घरी आणून दोन आठवडे रोज पंधरा मिनिटं वाजवली, आत बदाम तेलाचा हलका हात दिला, मेण लावलेला दोरा थोडा वाढवला, तेव्हा ती पुन्हा स्वतःसारखी बोलायला लागली.

मग स्वतः विकायला घेतली. घेणारी मुलगी मॉडर्न फ्लूट वाजवणारी होती, बरोक नुकतंच सुरू केलेलं. पहिली फुंक घातली आणि डी मेजरमध्ये एफ शार्प उतरलेला लागला तशी तिची भुवई वर गेली. दुकानात ती तिथेच बासरी खाली ठेवून पुढच्या बासरीकडे वळली असती. मी तिला म्हटलं, "अगं, हिचा एफ शार्प मुळातच उतरलेला असतो, कारण त्याच भोकातून एफ नॅचरलही काढायचाय, जरा बाहेर वळव आणि फुंक सैल नको सोडूस." पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला लागला. मग एफ नॅचरल, तो आत वळवून. मग जी शार्पचा तो दबका, घुसमटल्यासारखा स्वर, जो एक चावीच्या बासरीत तसाच असतो आणि हळूहळू तसाच आवडायला लागतो. दोन तास बसली. आठवडाभर ट्रायलला घेऊन गेली, मी डिपॉझिट घेतलं आणि एकच अट घातली, रोज पंधरा-वीस मिनिटांच्या वर नाही. आठव्या दिवशी फोन आला, "काका, परत नाही देणार."

ही बोलणी डीलर करू शकत नाही असं नाही, बासरी स्वतः वाजवणारा डीलर असेल तर उलट माझ्यापेक्षा छान करेल. तसा माणूस मिळाला तर कमिशन खुशाल द्या. आणि वाद्य तुम्ही स्वतः वाजवत नसाल, घरातल्या कोणाचं राहून गेलेलं असेल, तर डीलरच बरा, कारण तीन डी जुळतायत की नाही हे तुम्हाला सांगता येणार नाही आणि घेणारा ते विचारणारच. बासरीच्या जोडांवरच्या कड्या खऱ्या हस्तिदंताच्या असल्याचा नुसता संशय असला तरी आधी जाणकाराला दाखवा, रेप्लिकांवर बहुतेक नकलीच असतात पण तसं लेखी असलेलं चांगलं. बाकी, बासरी चालू वापरातली असेल आणि तुमच्याकडे दोन-तीन महिने सवड असेल तर मी तरी स्वतःच विकेन.

डीलरकडे ठेवायचीच ठरली तर एवढं करा. केसमध्ये एक कार्ड ठेवा, त्यावर कोणाच्या मूळ वाद्याची कॉपी, मेकर, वर्ष, लाकूड, पट्टी, शेवटचं तेल कधी दिलं हे लिहा आणि खाली ठळक अक्षरात, "बूच काठीवरच्या खुणेला लावलेलं आहे, टोपी फिरवू नये." काठी केसमध्येच ठेवा, खूण पेन्सिलने नको, पुसली जाते, कोरून करा. आणि महिन्यातून एकदा स्वतः जाऊन तीन डी वाजवून या.